मागचं डावं सड

दादानं दुधाचा नमुना पाठवला तो थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. तळाशी आधीच्या पेयाचा केशरी रंग अजून दिसत होता. झाकण दुसऱ्याच कुठल्या तरी बाटलीचं होतं, आणि गळू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी रबरानं आवळली होती. कडेगावहून कराडला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं त्यानं ती दिली. भर दुपारी मी स्टँडवर ती हातात घेतली तेव्हा ती चांगली कोमट झाली होती आणि आतलं दूध विरजल्यासारखं दिसत होतं.

मी तिथूनच फोन लावला.

"दादा, हे काय पाठवलंयस?"

"दूध. तूच म्हणालीस की पाठव."

"मी उकळून घेतलेली बाटली म्हणाले होते."

"धुतलीया की. दोनदा इसळली."

"आणि बर्फ? बर्फात ठेव म्हणाले होते ना?"

"बर्फ कशाला? तुला प्यायचंय व्हय ते?"

मी फोन ठेवला आणि बाटली स्टँडवरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. ते दूध तपासून काही उपयोग नव्हता. त्यात गाईच्या कासेतले जंतू किती, बाटलीतले किती आणि दादाच्या हातावरचे किती, हे सांगणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

मी कराडजवळच्या मलकापुरात जनावरांच्या रोगतपासणीच्या एका लहानशा प्रयोगशाळेत काम करते. आजारी गाई-म्हशींचं दूध येतं, त्यातले जंतू मी वाढवते, ते कुठल्या औषधानं मरतात ते बघते आणि डॉक्टरांना कळवते. काम मला आवडतं. पण आमच्याकडं नमुना येतो तो बहुतेक वेळा सगळे उपाय करून थकल्यावर. शेजाऱ्यानं सांगितलेलं झालेलं असतं, मेडिकलवाल्यानं दिलेलं झालेलं असतं, व्हॉट्सॲपवर आलेलं झालेलं असतं. मग कुणाला तरी आठवतं की आधी तपासून घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाहेरच्यांचं एक वेळ समजू शकते. माझ्या सख्ख्या भावानं हे करावं याचा मला फार राग येत होता.

दादा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि गावी येऊन त्यानं गोठा बांधला. चार गाई. खाली सिमेंटची जमीन, वर पंखे, दावणीवर रंगानं घातलेले आकडे. वैरणीची वेळ ठरलेली, पाण्याची ठरलेली. पाहुणा आला म्हणून पाच मिनिटं इकडं तिकडं होणार नाही. अशा माणसाची सगळी शिस्त औषधाशी येऊन कुठं संपते, हे मला आजवर कळलेलं नाही.

आजारी होती ती पांढऱ्या कपाळाची, तिसऱ्या वेताची गाय. मागच्या डाव्या सडातून दुधात गुठळ्या येत होत्या. आमच्याकडं या रोगाला दगडी म्हणतात, कारण कास हळूहळू दगडासारखी घट्ट होते.

पुढच्या रविवारी मी स्वतःच गेले. स्पिरिट, कापूस, निर्जंतुक नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन. वहिनीनं गाईला चुचकारलं, पाठीवरून हात फिरवला. धार वहिनीच काढते, त्यामुळं गाय तिचं ऐकते. मी कासेला हात लावला. तीन भाग मऊ होते. मागचा डावा भाग सुकत आलेल्या चिखलाच्या ढेकळासारखा लागला, आणि आत खोल एक गाठ होती.

चार वाट्यांची एक प्लॅस्टिकची ताटली असते. एकेका सडाचं थोडं दूध एकेका वाटीत घ्यायचं आणि त्यात जांभळं औषध घालून हलवायचं. तीन वाट्यांत काही झालं नाही. चौथीतलं दूध अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं झालं, ताटली तिरकी केली तरी तळ सोडेना.

"फाटलं?" दादानं वाकून विचारलं.

"फाटलं नाही. कासेत जंतू घुसले की शरीर त्यांच्याशी लढायला पेशी पाठवतं. त्या इतक्या आल्यात की दूध चिकट झालंय. कधीपासून आहे हे?"

"आत्ता आत्ता."

"आवं, ती कालवड झाली तवापासनं हाय की," वहिनी म्हणाली.

कालवड तिकडं कोपऱ्यात उभी होती. चांगली सहा महिन्यांची.

मग मी औषधांचं विचारलं. दादानं खिडकीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत अर्ध्या वापरलेल्या बाटल्या, सडात सोडायच्या ट्यूबा, सुया, एक वाकलेली कात्री. चार वेगवेगळी औषधं. काही मेडिकलमधून आणलेली, काही गाई भरवायला येणाऱ्या माणसानं दिलेली.

"हे कसं कसं दिलंस?"

"दोन दिस द्यायचं. दूध नितळ आलं की बंद."

"आणि परत झालं की?"

"परत दोन दिस. ह्यानं फरक पडंना झाला म्हणून मग हे दुसरं."

"किती वेळा झालं असं?"

"तीन-चार डाव."

"सा डाव," वहिनी म्हणाली. "धार मी काढती वन्सं, मला ठावं."

दादा डब्यातल्या बाटल्या परत नीट लावायला लागला.

"आणि ते औषधाचं दूध? ते कुठं जातंय?"

"डेअरीला न्हाई घालत," दादा छाती काढून म्हणाला. "तेवढं कळतंय मला. वासराला पाजतो."

मी तिथल्या दगडावर बसले. सहा महिने ती कालवड जंतू आणि औषध एकत्र पीत होती. औषधाला सरावलेले जंतू तिच्या पोटात वाढणार, शेणातून गोठ्यात पडणार, आणि त्याच जमिनीवर चारही गाई कास टेकून बसणार. पुढं आणखी एक कळलं. धार काढताना वहिनी सगळ्यात आधी याच गाईखाली बसायची, कारण हीच आधी हंबरायची. आणि चारही गाईंची कास पुसायला फडकं एकच.

"हे कुणी सांगितलं न्हाई आमाला," वहिनी म्हणाली. ते खरं होतं. नणंद जंतूंची तपासणी करते, वर्षातून चार वेळा माहेरी येते, पुरणपोळी खाऊन जाते. गोठ्यात येऊन फडकं बघावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मी सड धुतलं, कोरडं केलं, स्पिरिटनं पुसलं, पहिल्या धारा सोडून दिल्या आणि नळीत नमुना घेतला. "काहीही द्यायचं नाही आता," दादाला बजावलं. "मी सांगेपर्यंत एक थेंबही नाही."

दुसऱ्या दिवशी, जंतू वाढवायच्या प्लेटवर त्यांचे सोनेरी ठिपके उगवले होते. त्याच्या पुढच्या दिवशी मी औषधांच्या चकत्यांची प्लेट उघडली. त्यात असं असतं, की जंतूंचा थर लावलेल्या प्लेटवर वेगवेगळ्या औषधांच्या आठ कागदी चकत्या ठेवायच्या. ज्या औषधानं जंतू मरतात, त्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. माझ्या प्लेटवर सहा चकत्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते. वर्तुळं फक्त दोन. त्यातलं एक औषध दुभत्या जनावराला द्यायचं नसतं. दुसरं प्लेटवर उत्तम मारत होतं, पण ते पेशीच्या आत फारसं शिरत नाही.

आणि हे जंतू पेशीच्या आत राहतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. एम.एस्सी.ला मी स्वतः तेच बघण्यात एक वर्ष घातलं होतं. कत्तलखान्यातून कासेचा तुकडा आणून त्यातल्या दूध तयार करणाऱ्या पेशी आम्ही चपट्या बाटलीत वाढवायचो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फरशीसारख्या दिसायच्या, एकीला एक चिकटून. त्यांच्यावर जंतू सोडायचे, तासभर थांबायचं, मग बाहेरचे सगळे मरतील एवढं औषध ओतायचं. वरचं पाणी तपासलं की एकही जिवंत जंतू नसायचा. मग पेशी धुवायच्या, फोडायच्या आणि आतलं पाणी प्लेटवर पसरायचं. दुसऱ्या दिवशी प्लेट ठिपक्यांनी भरलेली. पहिल्यांदा मला वाटलं माझंच काही चुकलं. मॅडमनी तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा तेच.

बाकीच्या बाटल्या मी तशाच ठेवून रोज बघत बसायचे. काही पेशी जंतू पोटात घेऊन फुगायच्या, गोल व्हायच्या आणि सुटून पाण्यात तरंगायच्या. एक दिवस गेला की त्या फरशीत भोकं दिसायची. काही पेशींच्या आत मात्र जंतू नुसते पडून राहायचे, आणि वरून पेशी अगदी धडधाकट. खऱ्या कासेत शरीर ती भोकं बुजवतं, पण ज्या चिवट धाग्यांनी बुजवतं त्यांतून दूध येत नाही. दादाच्या गाईच्या कासेतली ती गाठ म्हणजे तेच होतं. जे जंतू पेशीबाहेर होते त्यांना औषध मारू शकत नव्हतं, आणि जे आत होते त्यांच्यापर्यंत ते पोचत नव्हतं. दूध दोन दिवस नितळ दिसायचं ते नुसती सूज उतरायची म्हणून.

मी त्या दुधाचा एक थेंब काचेवर पसरून निळ्या रंगानं रंगवला. बराच वेळ शोधल्यावर सुटून आलेली एक पेशी सापडली आणि तिच्या आत द्राक्षाच्या घोसासारखे गडद ठिपके. मोबाइलनं फोटो काढून मी दादाला पाठवला आणि खाली चांगलं सविस्तर लिहिलं, की हे तुझ्या गाईच्या कासेत चाललंय.

त्यानं अंगठा पाठवला.

थोड्या वेळानं फोन आला. "बघितला फोटू. मग इंजेक्शन कंचं?"

"कुठलंच नाही! मी शनिवारी डॉक्टरांना घेऊन येते. तोवर हात लावू नकोस."

"बरं बरं. वरडू नको."

शनिवारी तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आणि मी गोठ्यात पोचलो. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी गाईच्या मानेवरून हात फिरवला, एका जागी थांबले आणि बोट ठेवून मला दाखवलं. सुईची ताजी खूण, भोवती सूज.

"दादा, हे काय आहे?"

"विट्याहून आणलं. नवीन आलंय, लय भारी हाय म्हणं."

मी ओरडले. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली इतकी ओरडले. तुला साधं एक वाक्य कळत नाही का, चार दिवस हात बांधून बसता येत नाही का, फौजेत काय शिकलास, जे काही तोंडाला येईल ते. दादा ऐकत उभा राहिला. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला, आणि बोटानं वर वर सरकवत राहिला. बराच वेळ. शेवटी मोबाइल माझ्यापुढं धरला.

"वाच."

तीन वर्षांपूर्वीचा माझाच संदेश होता. एका औषधाचं नाव आणि खाली: "दोन दिवस दे. दूध साफ झालं की बंद केलंस तरी चालेल."

"तवा तुला इचारलंतं," दादा म्हणाला. "तू सांगितलंस. तवापासनं मी तसंच करतोय. माझ्या मनानं करत न्हाई काय."

मला तो दिवस आठवला नाही, पण मी ते कसं लिहिलं असेल ते कळलं. कामात असेन, त्याचे दोन-तीन फोन येऊन गेले असतील, आणि एकदाचा तो गप्प बसावा म्हणून बोटं चालवली असतील. दूध न बघता, गाय न बघता, नमुना मागवण्याचंही न सुचवता. पेशी फोडून आतले जंतू मोजण्यात वर्ष घालवलेली मी. त्या एका संदेशानं गोठ्यातले जंतू चिवट झाले असं नाही, तेवढं मला कळतं. पण दोन दिवसांचा नियम दादाला मी शिकवला होता, आणि तो त्यानं फौजी माणसासारखा इमानानं पाळला होता.

डॉक्टर गाईचे खूर बघायला लागले. खुरांना काही झालं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. ते माझ्या तोंडून काही फार चांगल्या शब्दांत आलं नाही. राग अजून उतरला नव्हता, फक्त तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

डॉक्टरांनी कास नीट तपासली, माझा रिपोर्ट वाचला आणि दादाला म्हणाले, "हे सड आता गेलं. आणखी औषध देऊन गाईला त्रास, आणि जंतू अजून चिवट. हे एक कायमचं बंद करू. बाकी तीन चांगली आहेत, ती सांभाळू."

"बंद म्हंजी?"

"आटवायचं. परत त्यातून धार नाही."

"जित्या जनावराचं सड बंद करायचं?" दादाचा आवाज चिरकला. त्या गाईला त्यानं लहान कालवड असल्यापासून वाढवलं होतं. तो गोठ्यातून बाहेर पडला आणि बांधावरून उसात निघून गेला. मी गोठ्याच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

वहिनी मात्र जागची हलली नाही. तिनं पदर खोचला. "ते येतील. आधी ह्या तिघींचं बघा वन्सं. माझंच हात समद्यांस्नी लागल्यात."

ती बोलली ते बरोबर होतं. जांभळ्या औषधानं तिन्ही गाई तपासल्या. दोन साफ निघाल्या. तिसरी तांबडी. तिच्या पुढच्या उजव्या सडाचं दूध वाटीत दाट झालं. डोळ्यांना ते दूध एकदम स्वच्छ दिसत होतं. वहिनीनं ते बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी पांढऱ्या कपाळाच्या गाईचं ते सड आटवायचं औषध सोडलं, आणि मी तांबडीचा नमुना घेऊन परतले.

तांबडीचा जंतू नशिबानं वेगळा निघाला. साध्या, जुन्या औषधानं मरणारा. डॉक्टरांनी पाच दिवसांचा कोर्स लिहून दिला आणि तेवढे दिवस, शिवाय पुढचे काही दिवस, त्या गाईचं सगळं दूध खड्ड्यात ओतायला सांगितलं. वासरालाही नाही.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन. "नितळ आलंय बघ दूध. आता बास की. गुण आल्यावर बी कशाला टोचायचं?"

मला रडावं की हसावं कळेना. "दादा, पाच म्हणजे पाच. दूध साफ दिसणं आणि जंतू मरणं यांचा संबंध नाही. एवढं सगळं होऊन तू..."

तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला. "फोन द्या हिकडं." आणि मग मला: "वन्सं, तुमी काळजी करू नका. डबा माझ्या फडताळात हाय आन् किल्ली माझ्याकडं. पाच दिस झाल्याबिगार ह्येंचा हात तितं लागत न्हाई."

पाठीमागं दादा म्हणत होता, "बायको दूध खड्ड्यात ओततीया आन् बहीण ओत म्हणतीया. मी काय करायचं गोठ्यात, पंख्याचं बटण दाबायचं?"

पाच दिवस पुरे झाले. तांबडीचं दूध मी नंतर दोनदा तपासलं, पंधरा दिवसांच्या अंतरानं. दोन्ही वेळा प्लेट कोरी. पांढऱ्या कपाळाच्या गाईचा मागचा डावा भाग हळूहळू आकसला आणि लहान झाला. ती तीन सडांवर दूध देते, बऱ्यापैकी देते. तिच्या अंगात ते जंतू अजून कुठं असतील की नाही, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही, म्हणून तिला गोठ्याच्या टोकाला बांधलंय आणि तिची धार सगळ्यात शेवटी निघते. वहिनीनं चार गाईंना चार फडकी केली. दादानं त्यांच्यावर ऑइलपेंटनं एक ते चार आकडे घातले. रंगानं फडकी इतकी कडक झाली की ती फेकून नवी करावी लागली. यावरूनही आमचं भांडण झालं.

आता गावात कुणाच्या गाईला दगडी झाली की दादा त्याला समोर बसवून सांगतो, की जंतू पेशीत शिरून लपतो, वरनं औषध मारून उपयोग न्हाई. निम्मं बरोबर सांगतो. उरलेलं निम्मं ऐकून मला तिथून उठून जावंसं वाटतं. पण त्यातले तिघं-चौघं आजवर नमुने घेऊन आलेत, औषध द्यायच्या आधी.

मी एक केलं. फोनवर औषधाचं नाव सांगणं बंद केलं. कुणालाही. माझं सासर शिराळ्याकडचं. तिथं प्रत्येक घरात एक-दोन जनावरं आहेत आणि प्रत्येकाकडं माझा नंबर आहे. गेल्या आठवड्यात मामेसासऱ्यांचा फोन आला. म्हशीची कास सुजली होती.

"मामंजी, नमुना पाठवा. कसा घ्यायचा ते सांगते. तोवर तिथल्या डॉक्टरांना दाखवा."

"आगं, एक नाव तर सांगायचं. एवढी शिकलीस, तुला ठावं न्हाई व्हय?"

"माहीत नाही. तपासल्याशिवाय मला खरंच माहीत नाही."

 "बरं," ते म्हणाले. " मेडिकलवाला सांगंल," आणि फोन ठेवला. मी दोनदा लावून बघितला. त्यांनी उचलला नाही.